साहेब मागून येलालेत

मी काठी धरायचो.
फूट-इंच आखलेली, माझ्याहून उंच.
काम एवढंच: बाईंनी हात वर केला की थांबायचं,
हात खाली येईपर्यंत हलायचं नाही,
पायाशी विंचू निघाला तरी.

रंभाबाई बिडवई, भूगोल विभाग, उदगीर.
विभाग म्हणजे एक कपाट, एक दुर्बीण,
ऑस्ट्रेलिया उंदरानं कुरतडलेला पृथ्वीगोल,
बाई, आणि मी शिपाई.

हैदराबादेत उर्दूतून शिकलेल्या.
रागावल्या की भूगोलाला जुग्राफिया म्हणायच्या.
वर्गात बाईमाणूस एकटंच, म्हणून पडद्याआड खुर्ची,
आणि मास्तर नकाशा टांगायचे नेमका त्याच पडद्यावर.
"उजेड आला की मागून दिसायचा," सांगायच्या,
"गोदावरी मला आधी उलटी पाठ झाली,
पश्चिमेला जाणारी."

बालाघाटात गावोगाव पाटील विचारायचे,
"सायब कुठं हायत तुमचे?"
"मागून येलालेत," बाई म्हणायच्या,
दुर्बिणीवरचा डोळा न काढता.
साहेबांचा म्हणून ठेवलेला चहा
मी प्यायचो.
एकतीस वर्षं.

आडात दोर सोडायच्या, हातहात अंतरावर गाठी मारलेला.
वर ओढून कोरड्या गाठी मोजायच्या.
बहात्तर साली एकही गाठ भिजली नाही.
वहीत लिहिलं: आड कोरडा.
मग ते खोडून लिहिलं: दोर कमी पडला.

पुढं धरणाचं पत्र आलं.
पाणी कुठवर चढेल, ती रेषा आखून द्या.
रेषेच्या आत वाघजाळी. बाईंचं गाव.
मला वाटलं, नाही म्हणतील.
त्यांनी दुर्बीण पुसली.

मठाची पायरी आत. जनावरांचा गोठा आत.
रेषा त्यांच्याच घरात शिरली
आणि चुलीवरून गेली.
"काठी तिथं धर," बाई अंगणातून म्हणाल्या.
राख अजून कोमट होती. त्यांची भावजय
भाकरीचं पीठ तसंच ठेवून बाजूला झालेली.
मी चुलीत काठी धरली,
आणि त्या दिवशी पहिल्यांदा हललो.
"स्थिर!" बाई ओरडल्या.
पुन्हा वाचलं. आकडा लिहिला. घोटभर पाणी मागितलं.

कार्यालयाला गेला तो नकाशा निळा.
दुसरी प्रत कपाटात होती, निळा न भरलेली.
त्यात बारीक अक्षरात शेतांची नावं:
चिंचेचं, बरड, गोसाव्याचं, मागल्या अंगाचं,
रखमाचा तुकडा, भांडणाचं.

त्या गेल्या तेव्हा रीतीप्रमाणं बसवून पुरलं.
माणसं भस्म, बेलपानं टाकत होती,
मी खड्ड्याची कड बघत होतो:
वर दोन हात काळी, मग चुनखडीचा पांढरा पट्टा,
खाली पिवळा मुरूम, त्यात एक मूळ, बहुतेक बाभळीचं.
माती लोटून लोक निघाले.
मी तिथंच उभा.
कुणीतरी म्हणालं, चल आता.
पण हात खाली आल्याचं
मला काही दिसलं नव्हतं.