उजवी बाही

चौतीस वर्षं या पाटावर चालतोय मी.
मडेराच्या उत्तर अंगाला, ढगांच्या पोटातून
कड्याच्या कमरेला करदोट्यासारखा बांधलेला पाट,
गुडघाभर उंच, हातभर रुंद,
आणि त्याच्या बाहेरून दीड वीत वाट.
वाटेनंतर काही नाही.
म्हणजे आहे, पण फार खाली आहे:
केळीची पानं, चर्चची कौलं, समुद्र.

मी पाटकरी. कुणाची पाळी कधी, मला तोंडपाठ.
रात्री दोनला कंदील घेऊन चाललोय,
खांद्यावर कुदळ, दातांत रानबडीशेपेचा देठ,
धुक्यात, पावसात, एकदा तर झोपेतच.
बाप सांगायचा, दरी कुत्र्यासारखी असते,
तिच्याकडे बघितलं नाहीस तर भुंकत नाही.
बाप अंथरुणात मेला.
त्याचा भाऊ आबेल, नाही.

मार्चमध्ये एक बाई सापडली
बोगद्याच्या तोंडाशी, चारी हातापायांवर.
सपाट देशातली. तिकडं म्हणे
सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे पूल.
ना पुढं जाई, ना मागं.
तिची पाण्याची बाटली आधीच गेलेली खाली,
आणि ती अजून ऐकत होती
बाटली आपटल्याचा आवाज, जो आलाच नव्हता.

मी म्हटलं, बाई, हात पाण्यात घाला.
कोपरापर्यंत. आता पाण्याकडं बघा, फक्त पाण्याकडं.
असे आम्ही दोघं चाललो, वाकून,
काहीतरी हरवलेलं शोधत असल्यासारखे,
दोनशे अकरा पावलं. ती मोठ्यानं मोजत होती.
पलीकडं पोचल्यावर तिनं मला मिठी मारली,
एक चॉकलेट दिलं,
आणि भीती विसरून गेली माझ्यापाशी,
जशी एखादी पाहुणी छत्री विसरते.

दुसऱ्या दिवशी चौथ्या वळणावर
(तिथली तार थंडीतल्या दरडीनं नेली,
नवी लावू म्हणतात, म्हणतात)
माझ्या पायांनी माझं ऐकणं सोडलं.
तळव्यांना मुंग्या. पोटात विहीर खचली.
अठ्ठावन्न वर्षांचा मी, भिंतीला गाल लावून
शेवाळाचा वास घेत उभा,
आणि खुंटावरचा तो छोटा पक्षी
माझ्याकडं बघतोय, भाकरीचा चुरा मागत.

कुणी बघत नव्हतं. घातला हात.
पाणी गार होतं, आणि त्याला घाई नव्हती.
हजार हातांना एखाद-दुसरा हात उतार:
तेही पडतच होतं की माझ्याबरोबर,
डोंगरापासून केळीपर्यंत, सगळी वाट,
पण इतकं सावकाश
की त्याला कुणी पडणं म्हणत नाही.

तेव्हापासून असाच जातो.
कुणी भेटलंच तर म्हणतो, पानं काढतोय,
गाळ बघतोय. पाटकऱ्यानं वाकायचंच असतं.
जाताना पाणी डाव्या हाताला, येताना उजव्या.
घरी पोचेतो डावी बाही वाळते.
उजवी मात्र
उंबऱ्यावर ठिबकत राहते.

इदालिनानं विचारलं नाही.
ती दिवसभर परदेशी टेबलांसाठी
पांढऱ्यावर पांढरी फुलं भरते,
धाग्याचा ताण बोटाला कळतो तिच्या.
फक्त एकदा, सूप वाढताना,
माझ्या मनगटाला हात लावून म्हणाली,
आज बराच वेळ होतास वाटतं
त्या वळणावर.
मी मिठाकडं बघितलं.

शनिवारी दोरीवर माझे पाचही शर्ट.
सगळ्यांच्या दोन्ही बाह्या कोपरावर कापलेल्या,
आणि कडेला तोच बारीक टाका
ज्याचे ती फुंशालच्या व्यापाऱ्याकडून
बोटाबोटानं पैसे घेते.
मी काहीतरी बोलणार होतो.
ती म्हणाली, पहाटे चारला आबेलच्या बायकोची पाळी आहे,
विसरू नकोस, तिचे बटाटे सुकतायत.