हिमबिबट्या, मुक्काम देवगड

बंदरावरच्या बर्फाच्या फॅक्टरीत मी रात्रपाळीला असतो.
लाद्या मोजतो, क्रशर चालवतो, पहाटे टेम्पो भरून देतो.
त्याआधी सतरा वर्षं फौजेत. त्यातली दोन
अशा ठाण्यावर, जिथं चहा ओतून होईस्तोवर
कपाच्या कडेनं गोठायला लागायचा.

परवा दुर्वा तांडेल आली, आठवीतली.
शाळेत वन्यजीव सप्ताह,
तिच्या चिठ्ठीत निघालेला हिमबिबट्या.
"काका, तुमी बघलात मा खराखुरो?
तो मासे खाता काय?"
नाही गो. रानमेंढ्या खातो. कधी आठवडाभर काहीच नाही.
"मगे आमका तेचा काय?"

मी एक लादी ओढून तिच्यापुढं ठेवली.
हात ठेव म्हटलं, वीस मोजेपर्यंत.
अकराला तिनं काढला.
यावर तो झोपतो, म्हटलं, शेपूट नाकावर ओढून,
तुझा बापूस होडीत गोधडी ओढतो तसा.

मी बघितला एकदाच, अर्धी विडी जळेल इतका वेळ.
समोरचा दगड हलल्यासारखा वाटला,
मग त्या दगडाला डोळे आले.
माझ्याकडं बघून त्याला काहीच वाटलं नाही.
मला फार बरं वाटलं.

ही गोष्ट मी सगळ्यांना सांगतो.
दुसरी सांगत नाही.

सुट्टीवर उतरताना, खालच्या बाजारात,
दुकानामागच्या खोलीत एकानं गुंडाळी उलगडली.
राखाडी, ठिपक्यांची, हाताला सायीसारखी.
पाय होते तिथं चार रिकाम्या बाह्या.
मी घेतली नाही.
पण भाव विचारला.
त्यानं सांगितला, आणि मी म्हटलं, "कमी होईल?"
पापलेटाच्या टोपलीपुढं उभं राहून म्हणतात, तसं.

गेल्या शिमग्यात पांडग्याच्या काजीत वाघरू अडकलं.
डुकरासाठी लावलेली क्लचवायरची फासकी,
कमरेत रुतलेली.
अख्खी वाडी मोबाइल घेऊन गडग्यावर.
कुणी ढेकूळ मारलं, ते गुरगुरलं, पोरं हसली.
कणकवलीहून वनखात्याची गाडी यायला तीन तास.
मला काही सुचेना. ओरडून उपयोग नव्हता.
फॅक्टरीतून ताडपत्री आणली,
लाद्यांवर घालतो ती, माशांच्या वासाची,
आणि गडग्याच्या कडेनं बांधत गेलो, काजीपासून काजीपर्यंत.
दिसायचं थांबलं तशी गर्दी पांगली.
आत त्याचा श्वासही जरा खाली बसला.

पांडगो तेवढा थांबला, मांडीत डोकं घालून.
"माका डुकर होयो होतो, हवालदारानु. ह्यो नको होतो."
मी त्याला काय बोलणार?
संध्याकाळी दोघांनी मिळून बाकीच्या फासक्या काढल्या.
अकरा निघाल्या.
बारावी कुठं लावली, त्याला आठवेना.

वाघरू पिंजऱ्यातून गेलं. जगलं का,
विचारायला गेलो तेव्हा साहेबांची बदली झाली होती.

दुर्वानं चित्र काढलं. शेपूट कागदात मावली नाही
म्हणून खाली दुसरा कागद चिकटवला.
मागं डोंगर म्हणून आमची फॅक्टरी,
चिमणीसकट.
खाली लिहिलं:
'ह्यो आमच्या गावात रवणा नाय.
तरी मारू नकात.'
गुरुजींनी शुद्ध करायला सांगितलं. तिनं केलं नाही.

आज ते लिलावाच्या शेडच्या खांबावर लागलं.
खाऱ्या हवेनं कोपरे वळले, कुणाचे खवले चिकटले.
पहाटे पहिला ट्रॉलर लागला.
टेम्पोवाल्यानं वाचलं, माझ्याकडं वळून डोळा मारला,
"काय हवालदारानु, ह्येचो भाव काय?"

सगळे हसले.
मी फावडं लादीला टेकवून ठेवलं,
क्रशर बंद केला,
आणि भाव सांगितला.
मग बाकीचंही.