वही

डॉक्टर बिराजदार बाईंनी पोट दाबून पाहिलं नाही.
आधी विचारलं, झोप कधी लागते?
म्हटलं, रातपाळी असते मॅडम,
झोप लागत नाही, ती कोसळते अंगावर,
दुपारी, मे महिन्यातल्या पत्र्याखाली.

मी आलो होतो जळजळीची गोळी मागायला.
गुलाबी, चघळायची.
सात वर्षं खिशात असते, सुट्ट्या पैशांत मिसळून.

जेवता कधी?
दीडला. माग चालू ठेवून, उभ्यानं.
कडक भाकरी, शेंगाचटणी, वर चहा.
चहा किती?
आम्ही मीटर मोजतो मॅडम, चहा नाही.
शेवटचं हसलात कधी?
ह्याला उत्तर सापडेना की हो.
बाहेर बाकावर माणसं खोळंबलेली.

त्यांनी एक वही दिली :
काय खाल्लं, कधी जळलं, त्याच्या आधी काय झालं.
मला हसू येता येता राहिलं.
आमच्या मागालाही वही असते,
तिच्यातून एकेक तार ओवावी लागते.

कोरी वही पोरीनं शाळेला पळवली.
मी टॉवेलच्या लेबलांमागं लिहीत गेलो.

मंगळवार. मिरचीभजी, चार. जळलं नाही.
बुधवार. पाणी आलं पहाटे तीनला, पाचव्या दिवशी. बॅरल भरले. जळलं.
शुक्रवार. कारखान्यात पद्माच्या दीडशे विड्या छाटल्या. ती बोलली नाही. वरणभात. जळलं.
शनिवार. हप्ता. खाडे कापले. काहीच खाल्लं नाही.
जळलं.

महिन्याची लेबलं फरशीवर मांडून बघत बसलो.
सात वर्षं बिचाऱ्या मिरचीला नावं ठेवली.

नवा कारागीर कापडावरच्या फुलीवर बोट फिरवत बसतो.
जुना मागं जातो,
फणीच्या मागं, वहीच्या मागं, पार बीमपर्यंत.
तार तिथंच कुठंतरी अडकलेली असते.
हे मी पोरांना शिकवतो, पगार घेऊन.

बाई म्हणाल्या, रातपाळी सोडा म्हणणं सोपं आहे,
पाणी काही माझ्या हातात नाही.
पोटातून रक्त वगैरे दिसलं तर थांबू नका, सरळ या.
तोवर एवढंच करा, बसून जेवा.

तर दीडला माझे दोन माग बंद करतो, दहा मिनिटं.
बाकीचे बावीस खडखडतातच.
कोनांच्या पोत्यावर बसतो.
दातांखाली भाकरी मोडते,
तेवढ्या गोंगाटातही तो आवाज आत ऐकू येतो.

गुरुवार. भाकरी, बसून. जळलं, थोडं.
नरसय्या ओरडला, काय बे कोडम, मालक झालास काय?
हसलो.
हे कुठं लिहायचं,
बाईंना विचारायला हवं.