कॉम्प्रेसर : बी. एल. निमसे

कव्हरच्या मागे, सगळ्यात खाली,
मुंगीएवढ्या अक्षरात माझं नाव आहे.
पावतीबुकाशिवाय
ते आजवर कुठे छापलं नव्हतं.

अंबड लिंक रोडला, वजनकाट्याच्या मागे गॅरेज.
दुचाकी, रिक्षा, कधीमधी छोटा हत्ती.
आठला शटर खाली, साडेआठला ही पोरं.
ठरलं होतं : महिन्याला नऊशे,
आणि ऑइलच्या डब्यांवर बसायचं नाही.
दोन्ही पाळलं नाही त्यांनी.

ड्रमवर मुक्ता तांबट.
तिचा बाप अजून हंड्यांना मठार मारतो.
एकदा आला, दारातच उभा राहिला,
सगळं ऐकून म्हणाला,
"नववा ठोका वाकडा पडतोय."
"मुद्दाम पाडतेय."
"मग नीट वाकडा पाड,"
आणि गेला बस पकडायला.

गिटार ओवेस मणियारची. एक तार कायम तुटलेली.
एका रात्री त्याने क्लचच्या केबलमधली तार ओढून लावली.
तो आवाज दुसऱ्या गाण्यात आहे.
स्प्लेंडरवाल्याला सांगू नका.

आणि गातो प्रज्ञेश पगारे. गातो म्हणजे,
सातपूरला व्हॉल्व्हच्या कंपनीत
दिवसभर गेज लावून माल तपासतो,
पास तो निळ्या ट्रेत, नापास तो लाल,
आणि रात्री इथे येऊन
नापास मालाच्या वतीने ओरडतो.
बँडचं नावच लाल ट्रे.

भिंतींना द्राक्षांच्या पेट्यांचे पुठ्ठे ठोकले,
आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.
गेलाच.
काट्याचा वॉचमन विचारत आला,
"लग्नाची ऑर्डर घेता का? ढोल असेल तर बघा."
त्याचंही गाणं झालं. एक मिनिट चार सेकंद,
शब्द एकच : बघतो.

रेकॉर्डिंग जानेवारीत. पाने हातात धरवत नव्हते.
चौथं गाणं तेवढं हळू.
मुक्ताचे हात थांबलेले,
ओवेसची केबल एकटीच थरथरतेय,
प्रज्ञेश श्वास आत घेतोय,
आणि कोपऱ्यात टाकीचा दाब उतरला.
सत्त्याण्णव सालचा, पिस्टन घासलेला माझा कॉम्प्रेसर
आपणहून सुरू झाला.
मी बटनाकडे धावलो.
मुक्ताने काठी माझ्यावर रोखली,
आणि दुसऱ्या हाताने
त्याच्या धडधडीत शिरली.

काल आला अल्बम. अकरा गाणी, एकतीस मिनिटं.
आधी दोन-दोन सोडायचे, सॅम्पल पीससारखी.
ही पहिली पुरी बॅच. शंभर कॅसेटी.
शटर अर्ध्यावर, वाकून आत यायचं.
चाळीसेक माणसं,
सर्व्हिसिंगच्या गाड्यांवर बसलेली.
एक बाई ॲक्टिव्हा न्यायला आल्या होत्या,
त्या शेवटपर्यंत हलल्या नाहीत.
जाताना म्हणाल्या, "कानात शिट्टी वाजतेय हो.
पण ब्रेक छान लागतोय आता."
मुक्ताच्या बापाने कॅसेट विकत घेतली.
घरी टेप नाही.
नखाने टिचकी मारून कानाशी धरली फक्त,
भांडं बघतात तशी.

मला सगळंच आवडलं असं नाही.
सातवं गाणं अजून बिघाडच वाटतो,
टॅपेट सेट करावेत असं होतं.

रात्री टेम्पोत लावली.
गरवारे पॉइंटला सिग्नल लाल.
चौथं गाणं. केबल. श्वास.
माझा हात डावीकडे गेला,
भिंत शोधत, बटन शोधत,
तिथे नुसता पाण्याचा बाटला.
मागे ट्रकवाला हॉर्न देत होता,
बऱ्याच वेळापासून असावा.