दहा तंबू

दिवस कासराभर वर यायच्या आत
रांग टेकडीमागे वळलेली असायची.
तो एका सपाट दगडावर बसलेला,
आणि आम्ही सगळे उभे.
कुणाची शेळी, कुणाची पखाल,
कुणी कुणाच्या तंबूच्या दोरीला अडखळून पडलं
आणि ती दोरी मुद्दाम ताणली होती की नाही.

मी तीन दिवस उभा होतो.
तिसऱ्या दिवशी माझी पाळी आली
आणि सूर्य बुडाला.
त्याने पाहिलं. डोळे लाल,
वाळूने की जागरणाने, कोण जाणे.
म्हणाला, उद्या.
जिभेने तो मुळातच जड;
तेवढा शब्दही त्याला दोनदा उचलावा लागला.

त्याच आठवड्यात त्याचा सासरा आला मिद्यानाहून,
लेक, दोन नातू आणि खजुरांनी लादलेली गाढवं घेऊन.
म्हातारा अख्खा दिवस सावलीत बसून नुसता बघत राहिला.
कळप एकट्याने हाकत नाहीत
हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.
रात्री तंबूत काय बोलणं झालं ठाऊक नाही.
कापडातून एवढंच आलं बाहेर:
"तू झिजशील. आणि तुझी वाट बघणारे तुझ्याआधी."

सकाळी माणसं निवडायला घेतली.
हजारांवर एक, शंभरांवर, पन्नासांवर,
आणि सगळ्यात खाली, दहांवर.
मिब्साम, विटा पाडणारा,
असं माझं नाव पुकारलं तेव्हा मी मागे सरलो.
मिसरातही दहांवर एक असायचा.
त्याला आम्ही मुकादम म्हणायचो.
वरून आलेला राग खाली पोचवायचा,
एवढंच त्याचं काम.
त्याची मोजदाद अजून आहे माझ्या पाठीवर.
मी म्हणालो, मला नको.
निवडणारा म्हणाला, म्हणूनच.

पहिला वाद दुसऱ्याच दिवशी.
नारा विधवा. तिचं जातं तखनने उसनं नेलं,
परत आणलं तर खालच्या तळीला चीर.
मी ऐकलं. त्याचं, तिचं,
आणि शेजारणीचं, जिला कुणी विचारलं नव्हतं.
म्हणालो, तखनने महिनाभर तिचं दळण दळावं.

नेमका तेव्हाच तो तिकडून चालला होता.
थांबला. वाकून चिरेवरून बोट फिरवलं.
ओठ उघडले, मी पाहिलं.
दहाच्या दहा तंबू त्याच्याकडे वळले.
एक अक्षर निघालं असतं
तर मी पुन्हा नुसता विटा पाडणारा.
ओठ मिटले. तो निघून गेला.
त्याचं अडखळणं ओळखीचं होतं आम्हाला,
हे गप्प राहणं नव्हे.
हे त्याला जास्त जड गेलं.

रात्री डोळा लागेना.
दिवा घेऊन गेलो, चिरेत नख घातलं.
आत जुनं पीठ, दगडासारखं घट्ट,
मिसरातल्या सातूचं.
चीर समुद्राच्या पलीकडचीच होती.

उजाडताच तखनच्या दारापुढे उभा राहिलो.
म्हणालो, मी चुकलो.
दहांवरच्या माणसाच्या तोंडून हे
मी जन्मात ऐकलं नव्हतं;
म्हणताना हात कुठे ठेवायचे तेही कळेना.
तखन हसला.
"चार दिवस दळतो तरी," म्हणाला,
"तिचा खांदा दुखतोय."

परवा एक प्रश्न घेऊन टेकडीकडे गेलो,
माझ्या आवाक्याबाहेरचा.
सपाट दगडावर त्याचा धाकटा
खजुरांच्या बिया मांडून बसला होता,
आणि शेजारी वाळूत तो स्वतः,
भर दुपारी, तोंड उघडं टाकून
गाढ झोपलेला.

मी पाय न वाजवता वळलो.
म्हटलं,
पन्नासांवरच्याला आधी विचारून बघू.