हलका माल

मुसळगावच्या शेडमध्ये ट्रक उलटला
तेव्हा कोंडाजी आव्हाडांनी मूठभर करड्या गोळ्या
बाजरी पारखावी तशा तळहातावर खेळवल्या
आणि म्हणाले, हलका माल.

खरंच होतं. शंभरात पंचेचाळीस लोखंड असलेला दगड,
खाणवाल्यांनी वीस वर्षं ढिगावर टाकलेला,
आता दळून, पाण्यात घोळून, चुंबकाखालून काढून,
वळून, कोळशासोबत भाजून आमच्याकडे आलेला.
तरी पोटात वाळू. तरी पोटात फॉस्फरस.
मी प्रयोगशाळेतून आकडा लिहून दिला.
आकडा कुणी वाचला नाही; मीही दुसऱ्यांदा नाही.

पहिल्या बारा हीट आम्ही नेहमीसारख्याच ओतल्या.
अँगल निफाडला गेले, द्राक्षांच्या मांडवाला.
जानेवारीत पारा चारवर उतरला त्या पहाटे फोन:
"मॅडम, घड भरलेत,
आणि तुमचं लोखंड बांगडीसारखं तडकलं."

मग तीन महिने भट्टीची मनधरणी.
आतलं वाळूचं अस्तर फोडून मॅग्नेशियाचं ठासलं.
चुना. पुन्हा चुना.
मालक विजेचं बिल घडी घालून खिशात ठेवत,
परत काढून वाचत.

कोंडाजी सातवी शिकलेले. त्यांनीच पकडलं:
"आधी लई तापवू नका.
बेताच्या आचेवर असतो तवाच तो चुन्याकडं येतो.
मळी लगेच काढा. रेंगाळला, आच वाढली,
की मागल्या दारानं पुन्हा लोखंडात."
पुस्तकात हेच आहे, चार पानं.
त्या पुस्तकात मी पहिली आले होते.

एप्रिलमध्ये सळई कुल्फीवाल्याच्या पेटीत
मीठ-बर्फात रात्रभर पुरून ठेवली.
सकाळी ऐरणीवर घण.
पहिला. दुसरा.
सळई वाकली,
म्हाताऱ्या माणसाने बूट घालायला वाकावं तशी,
कुरकुरत, पण अख्खी.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हुसनाबीने चहा आणला.

निफाडचे अँगल आम्ही फुकट बदलून दिले.
त्या बागाईतदाराने नवा प्रत्येक अँगल
आधी दगडावर आपटून पाहिला; मी थांबवलं नाही.

आता शेडमागे मळीचा ढीग वाढतो आहे,
पूर्वीच्या दुप्पट, पावसात राखाडी ओघळ सोडणारा.
काल कोंडाजी त्याच्यापाशी उकिडवे बसले होते,
एक खडा उचलून हातावर खेळवत.
काही म्हणाले नाहीत.
मी नमुन्याची पिशवी घेऊन खाली उतरले.