चूक

टेबटसाहेब दुकान सोपवून गेले तेव्हा
सोबत मिळाल्या तीन ऐरणी, घासायचं यंत्र
आणि एक वही. वहीत अठ्ठावन्न गिऱ्हाइकं.
"यातली एकोणीस वारली," ते म्हणाले,
"उरलेली हळू चालतात. त्यांचे तळ झिजत नाहीत."

केटरिंगच्या गोल्ड स्ट्रीटवर पहिला हिवाळा
मी काचेआडून पाय मोजले.
सगळे रबरी. सगळे घाईत.

"बाबा, तुम्ही कुठंच नाही," उर्वी म्हणाली.
माझ्यासमोर स्टुलावर बसून
ती मला फोनमध्ये शोधत होती.

मग फॉर्म. दुकानाचं नाव. वेळ.
व्यवसायाचा प्रकार: यादीतून निवडा.

मला हसू आलं.
कागलच्या अलीकडे, आमच्या गावात,
आडनाव सांगितलं की यादी संपायची.
आमची आळी शोधायला नकाशा लागत नव्हता.
ओढ्याच्या खालच्या अंगाला कातड्याच्या कुंड्या,
वासावर आंधळासुद्धा पोचला असता,
आणि वळसा घालून गेला असता.

"निवडा की."
मी निवडलं. बोट लावून. जन्मात पहिल्यांदा.

नकाशावर आमची टाचणी मागच्या बाजूला पडलेली,
कार पार्कात, कचऱ्याच्या डब्यांपाशी.
यंत्राला कुणी सांगितलं असेल?
"धरा आणि ओढा," पोरगी म्हणाली.
ओढली. बेकरीवरून, बँकेवरून, भर रस्त्यावर आणली
आणि सोडली.
राहिली तिथं.
कुणी काही बोललं नाही.

बारा दिवसांनी पोस्टकार्ड आलं.
त्यावर पाच आकडे: ते भरले की ठरणार,
हा माणूस म्हणतो तिथंच आहे.
आण्णा असते तर कार्ड चौकटीत लावलं असतं.
मी गल्ल्याखाली ठेवलंय.

फोटो काढताना मी हात पुसायला निघालो.
"नको, तसेच राहू दे."
डाव्या हातात रापी, तोंडात चुका धरलेल्या.
चूक म्हणजे बारका खिळा, मी दातांतूनच सांगितलं.
तिला फक्त गणितातली ठाऊक.

तीन आठवडे काही नाही.
मग एक तारा. पाचातला एक.
"टाच नीट बसली नाही, पैसे मात्र नीट घेतले."
रात्रभर मी उत्तर लिहिलं,
त्यात आजोबा आले, कोल्हापूरचा बाजार आला,
शिवणीला किती टाके ते आलं.
सकाळी उर्वीनं सगळं पुसलं, दोन ओळी ठेवल्या:
परत आणा. पुन्हा बसवून देतो.
बाई आल्या. टाच खरंच तिरकी होती.
(तारा अजून एकच आहे. असू दे.)

आता महिनाअखेरीला यादी येते,
लोकांनी काय शोधलं आणि आम्ही सापडलो.
बॅगेची चेन. कुत्र्यानं चावलेला सँडल.
लग्नाचे बूट, एक नंबर लहान.
आणि सगळ्यात वर, दोनशे सहा वेळा,
इंग्रजीत तीन शब्द, मी माझ्यापुरते मराठीत वाचतो:
चांभार, माझ्या जवळ.

दोनशे सहा माणसं.
स्वतःहून.
जवळ.

मी उठून चहा केला. प्यायला विसरलो.

त्याच यादीत खाली, एकदाच:
"उद्या अंत्यविधी, तळ सुटलाय, किती वाजता उघडतं"

आम्ही नऊला उघडायचो.
तो आला होता का, कुलूप बघून गेला का,
की दुसऱ्याचे बूट घालून आईला पोचवलं,
हे यादीत येत नाही.

वेळेच्या रकान्यात मी सात लिहिलं.
बायको गोदामातली रात्रपाळी संपवून येते
तेव्हा मी शटर वर करत असतो.
काल अंधारातच एकजण उभा होता,
पावाच्या पिशवीत बूट, छातीशी धरलेले.
"नकाशात उघडं दाखवलं," तो म्हणाला,
जणू माफी मागत होता.

"उघडंच आहे," मी म्हटलं,
आणि तोंडात चुका धरल्या.